सुभेदारांचा वारा

मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते अंगणात आडवे होते. झोपलेले मात्र नव्हते. एका लाकडी बाकाच्या काठावर बसून, दोन्ही पावलं त्याला ठोकलेल्या पट्ट्याखाली अडकवून, उरलेला सगळा देह त्यांनी बाकाबाहेर हवेत काढला होता. डोकं जमिनीपासून दीड हात वर. वय पासष्टीचं, मिशा पिकलेल्या, अंगात बंडी आणि खाकी हाफ पँट. आणि त्या अवस्थेत ते मोबाइलवर कुणाला तरी सांगत होते, "दुपारी दोनच्या आत फवारणी उरक. नंतर वारा फिरंल. तुझं औषध शेजाऱ्याच्या डाळिंबावर जाईल, फुकट."

मी हातात बॅग घेऊन उभी. भाड्यानं खोली हवी होती. त्यांनी डोकं तसंच अधांतरी ठेवून माझ्याकडं पाहिलं. मी त्यांना उलटीच दिसत असणार.

"चार मिनिटं," ते म्हणाले.

आतून त्यांच्या पत्नी, काकू, पदराला हात पुसत आल्या. "या वो ताई, तुमी आत या. त्यास्नी चार मिनिटं लागत्यात. तीस वर्सं झाली, ती चार मिनिटं काय सरली न्हाईत."

आटपाडी तालुक्यातलं ते गाव. मी मूळची उंब्रजची, कृष्णाकाठची, म्हणजे पाण्याकडं कुणी मुद्दाम बघत नाही अशा मुलखातली. पाटबंधाऱ्याकडं कनिष्ठ अभियंता म्हणून माझी ती पहिलीच नेमणूक, आणि गावाजवळचा तलाव माझ्या ताब्यात. तलाव म्हणायचं एवढंच. मी रुजू झाले तेव्हा त्याच्या तळात शेरडं चरत होती.

गावात निवृत्त सुभेदार सात होते. पण नुसतं 'सुभेदार' म्हटलं की हेच. बाकीचे सहा सीमेवर होते, हे 'सेलिंगमध्ये' होते. शिडाच्या होडीच्या शर्यतीत सहा वेळा देशात पहिले, एकदा आशियात पहिले आणि एकदा ऑलिंपिकला. पण सेलिंग म्हणजे काय हे गावात कुणालाच नीट ठाऊक नव्हतं. ऑलिंपिकहून परत आल्यावर त्यांच्या सख्ख्या चुलत्यांनी पारावर विचारलं होतं, "सेलिंगला गेलतास म्हणं. काय इकाय गेलतास रं?"

त्यांनी एकदा समजावलं. दोनदा समजावलं. तिसऱ्यांदा म्हणाले, "वारा इकाय गेलतो, नाना."

"खपला का?"

"थोडा."

हा किस्सा ते स्वतःच सांगायचे आणि शेवटच्या शब्दावर स्वतःच इतके हसायचे की खोकला यायचा. पण ऑलिंपिकमध्ये नक्की काय झालं, हे मात्र कधी सांगायचे नाहीत. कुणी विचारलंच, "सुभेदार, कितवा नंबर आला?" तर एकच उत्तर. "पोचलो."

पाण्याचा हंडा विहिरीतून ओढताना जेवढं पाणी दिसतं, त्याहून जास्त पाणी त्यांनी अठराव्या वर्षापर्यंत पाहिलेलं नव्हतं. भरती झाल्यावर एक दिवस एका साहेबानं सगळ्यांना रांगेत उभं केलं आणि विचारलं, "पाण्याला कोण कोण घाबरतं?" सुभेदारांना वाटलं, हात वर केला की पोहण्याच्या परेडमधून सुटका. अख्ख्या रांगेत एकट्यांनी हात वर केला. साहेब म्हणाले, "हा होडीवर." का, ते साहेबांनी कधी सांगितलं नाही. पुढं वीस-बावीस वर्षं समुद्रावर काढली तरी हे म्हणायचे, "मॅडम, आजबी भीती वाटती. जायाची राहिलीच."

पाण्याची भीती असली तरी वाऱ्याशी त्यांची जुनी ओळख होती. तो मुलूखच तसला. पाणी नाही, झाड नाही, आडोसा नाही. वारा मात्र पोटभर. पठारावर पवनचक्क्या आल्या तेव्हा लोक म्हणाले, कंपनीनं वारा शोधला. सुभेदार म्हणाले, "मी तर ह्याच्यातच शेरडं राखली."

घरात आणि दारात त्यांनी जुन्या कॅसेटींच्या फितीचे तुकडे बांधून ठेवले होते. गच्चीच्या पाइपाला, मोटारसायकलच्या हँडलला, म्हशीच्या शिंगाला. फीत फडफडली की वारा कुठून आहे ते कळतं. डावं-उजवं त्यांना मान्य नव्हतं. दिशा दोनच: वाऱ्याकडची आणि वाऱ्याखालची. एकदा मी गॅसच्या एजन्सीचा पत्ता विचारला. म्हणाले, "चौकातनं वाऱ्याच्या तोंडाला निगा." मी गेले. अर्ध्या वाटेत वारा फिरला आणि मी पशुवैद्यकीय दवाखान्यात पोचले.

छताचा पंखा त्यांना अजिबात खपत नसे. कोंडलेल्या हवेला कुणी वारा म्हटलं की ते उठून बाहेर जात. माझ्या खोलीत पंखा होता, म्हणून ते आयुष्यात कधी माझ्या खोलीत आले नाहीत. जे बोलायचं ते उंबऱ्याबाहेरून.

पण गावाला त्यांचा वारा उपयोगी होता. डाळिंबवाले फवारणीआधी फोन करायचे. बायका पापड वाळत घालण्याआधी विचारायच्या. मांडववाले खांब कुठं रोवायचे ते विचारायला यायचे. आणि तीन वर्षांत मी त्यांचा अंदाज चुकलेला एकदाच पाहिला. त्या दिवसाची गोष्ट सांगण्यासाठीच हे सगळं सांगतेय.

माझ्या दुसऱ्या हिवाळ्यात उपसा योजनेचं पाणी आमच्या तलावात सोडलं. गावानं एवढं पाणी एका जागी कधी पाहिलं नव्हतं. लोक डबे घेऊन बघायला येत, काठावर बसून जेवत, आणि परत जाताना पाण्याकडं पाठ न करता चालत. सुभेदार पहिले चार दिवस आलेच नाहीत. पाचव्या दिवशी सकाळी एकटे आले, बोट ओलं करून वर धरलं, आणि तिथूनच माझ्या ऑफिसात आले. हातात अर्ज. विषय: स्वतःच्या गावात एकदा होडी चालवणेबाबत.

मी नाही म्हटलं. वर्षभराची नोकरी, तलाव माझ्या जबाबदारीवर, आणि होडीचं काही झालं तर सही माझी. त्यांनी वाद घातला नाही. "ठीक है," म्हणाले आणि गेले. दुसऱ्या दिवशी पुन्हा अर्ज. तिसऱ्या दिवशी पुन्हा. घरी मात्र या विषयावर अक्षर नाही. ऑफिसात ते अर्जदार, घरी घरमालक. दोन्ही माणसं एकमेकांना ओळखतसुद्धा नव्हती.

एका संध्याकाळी मी काकूंच्या स्वयंपाकघरात बसले होते. काकू भाकरी थापत होत्या. मी सहज विचारलं, "काकू, तुम्ही कधी पाहिलंत का हो त्यांना होडी चालवताना?"

"मी?" काकू हसल्या. "सासूबाई अंथरुणाला. दोन म्हसरं. पोरांच्या शाळा. मी कवा जाणार मुंबईला? सुट्टीवर आलं की ह्ये बॅग उघडायचं, आन् मी कापडं धुवायची. पाणी पांढरं व्हायचं बगा. जिभंला लावून बगितलं एकदा, तर मीठ." त्यांनी भाकरी तव्यावर टाकली. "ह्येंच्या सेलिंगातलं मी तेवढंच बगितलंय. मीठ."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी अर्ज वरच्या ऑफिसला पाठवला.

तिथून प्रश्न आले. होडी मासेमारीची आहे काय? नाही, शिडाची. शीड म्हणजे काय? कापड. मग शेवटी तक्ता भरून मागितला. त्यात एक रकाना होता: इंजिनाची क्षमता नमूद करावी. सुभेदारांनी सुवाच्य अक्षरात लिहिलं: 'वारा. क्षमता रोज बदलते.' फाइल महिनाभर गायब झाली. मग अचानक परवानगी आली. एक दिवस, दुपारी तीन ते पाच. जीवरक्षक जाकीट सक्तीचं. बचावासाठी पाण्यात एक माणूस तयार ठेवावा. कनिष्ठ अभियंता यांनी जातीनं हजर राहून अहवाल द्यावा.

होडी त्यांच्या जुन्या पलटणीतल्या दोस्तांनी पाठवली. मोडीत काढलेली, चौदा फुटी, एका माणसाची. डाळिंबाचे क्रेट मुंबईला पोचवून परतणाऱ्या ट्रकमध्ये ती रिकाम्या क्रेटांवर पालथी पडून आली. शीड मात्र फाटलेलं होतं. तेव्हा रसूलभाईंना बोलावलं. रसूलभाई ट्रकच्या ताडपत्र्या आणि लग्नाचे मांडव शिवायचे, आणि त्यांच्या हाताला तालुक्यात तोड नव्हती. पण पहिल्याच दिवशी दोघांचं वाजलं.

"फुगीर शिवा," सुभेदार म्हणाले.

"फुगीर? आवं, चाळीस वर्सं ताडपत्री शिवतोय. माझ्या हातची ताडपत्री कवा फुगली न्हाई. लोक नावं ठिवतील मला."

"फुगलं न्हाई तर होडी हालणार न्हाई, रसूलभाई."

"तर मग माझं नाव कुणाला सांगू नका."

तीन वेळा शिवलं, तीन वेळा उसवलं. चौथ्यांदा सुभेदारांनी जमिनीवर खडूनं पोट काढून दाखवलं. रसूलभाईंनी 'या अल्ला' म्हणत ते तसंच्या तसं शिवलं.

ठरलेल्या दिवशी अख्खा गाव तलावावर. कुणीतरी हलगी आणली होती. आईस्क्रीमवाला आला होता. बचावासाठी नव्या मासेमारी सोसायटीतला पोपट नावाचा पोरगा ट्रॅक्टरची फुगवलेली ट्यूब घेऊन गुडघाभर पाण्यात उभा. आदल्या संध्याकाळी काकू म्हणाल्या होत्या, "मी काय येत न्हाई. धारा कोण काढणार?" पण तीन वाजायच्या आधीच त्या बायकांच्या घोळक्यात, सगळ्यात मागं, ठेवणीतलं लुगडं नेसून उभ्या होत्या.

सुभेदारांनी होडी पाण्यात लोटली, आत उडी मारली, दोरी ओढली. आणि तो अंगणातला आडवा म्हातारा क्षणात उमगला. वारा भरला, होडी एका अंगावर कलली, आणि ती उलटू नये म्हणून ते पावलं पट्ट्यात अडकवून काठाबाहेर पाण्यावर आडवे झाले. पाठ पाण्याला लागेल इतके. रोज सकाळी अंगणात हेच तर चाललेलं असायचं. फक्त खाली होडी नव्हती आणि होडीखाली पाणी नव्हतं.

होडी सुसाट निघाली. हलगीवाला वाजवायचं विसरला. समोरच्या काठापर्यंत, तिथून गर्रकन वळून परत, वाऱ्याच्या विरुद्ध नागमोडी, पुन्हा सरळ. लोक ओरडत होते. कुणीतरी म्हणालं, "शीड काय फुगलंय बघ!" रसूलभाई माझ्या शेजारी होते. त्यांनी खाली मान घातली आणि मग हळूच म्हणाले, "म्याच शिवलंय."

सव्वाचार वाजता सुभेदार काठाला आले. होडीतून उतरले नाहीत. गुडघाभर पाण्यात होडी धरून उभे राहिले आणि घोळक्याच्या वरून बघत म्हणाले, "या."

बायकांनी काकूंना पुढं ढकललं. काकू लाजल्या, चिडल्या, "लोक बघत्यात," म्हणाल्या. सुभेदार थांबले. मग त्यांचं लक्ष माझ्याकडं गेलं आणि चेहरा एकदम अर्जदाराचा झाला.

"मॅडम, कागद काय म्हणतो?"

मी परवानगीचा कागद काढला. छापील ओळ होती: नावाडी एक, इतर. 'इतर'पुढची जागा कोरी होती. ती कोरी म्हणजे कुणी नाही, हे मला चांगलं ठाऊक होतं. वरची सही होऊन गेलेल्या कागदात भर घालायचा मला अधिकार नव्हता, हेही ठाऊक होतं. "जाऊ द्या ना, बसवा," मी म्हटलं असतं तर ते गेले नसते. कागदावर नसेल तर नाही, तो माणूसच तसा होता. मी जीपच्या बॉनेटवर कागद ठेवला, 'इतर'पुढं 'एक' लिहिलं आणि बारीक सही ठोकली.

"चालतंय," मी म्हणाले. "कागद आहे."

पोपटाचं जाकीट लुगड्यावर चढवून काकू बसल्या. होडी सुटली. पहिली पाच मिनिटं पाण्यावरून फक्त काकूंचा आवाज येत होता. "वाकडी झाली! आवं, वाकडी झाली ही!"

"वाकडीच चालती."

"सरळ करा म्हणते ना!"

"सरळ केली तर थांबती."

मग आवाज बंद झाला. एकदा, दोनदा त्यांनी अख्ख्या तलावाला फेरी मारली. काकूंनी पदर दातात धरला होता आणि एक हात पाण्यात सोडला होता. काठावरून बायका हात हलवत होत्या, काकूंना त्यांचं भानच नव्हतं.

आणि पावणेपाच वाजता वारा पडला. एकदम. शीड लोंबलं. होडी तलावाच्या मधोमध, जणू कुणी ठेवून दिलेली. जो माणूस गावाला तासाचा हिशेब धरून वारा सांगायचा, त्याला स्वतःचा वारा कळला नाही. मी नंतर विचारलं तेव्हा म्हणाले, "त्या टायमाला वाऱ्याकडं ध्यान न्हवतं."

पाच वाजले. लोकांनी थोडी वाट पाहिली, थट्टा केली, आणि धारांची वेळ झाली म्हणून पांगले. काठावर मी, रसूलभाई आणि ट्यूबवाला पोपट एवढेच उरलो. पोपट ओरडला, "काकी, दोर टाकू का? ओढून आणतो!"

पाण्यावरून काकूंचा खणखणीत आवाज आला. "थांब रं! बोलतोय आमी."

पोपट थांबला. आता वारा नसला की पाण्यावरून आवाज किती लांब येतो, याची मला कल्पना नव्हती. होडी दोनशे पावलांवर असेल, पण त्या दोघांचा शब्द न् शब्द आमच्यापर्यंत येत होता. ऐकू नये म्हणून आम्ही काही बोलावं, तर बोललेलं त्यांना ऐकू गेलं असतं. रसूलभाईंनी टोपी काढून हातात धरली आणि आम्ही दोघं चोरासारखे गप्प बसलो.

"एक इचारू?" काकू म्हणाल्या. "त्या ऑलिंपिकला काय झालतं?"

"पोचलो की."

"त्ये गावाला. मला सांगा."

मग सुभेदारांचा आवाज, नेहमीपेक्षा बारीक.

"एक दिवस मी पयला हुतो. पयल्या खुणंपतुर सगळ्या जगाच्या पुढं. सकाळी वारा आपल्याकडच्यावानी फिरला. वळवाच्या आदी फिरतो तसा. बाकीच्यास्नी कळलं न्हाई, मला कळलं. पाण्यात खुणंचा नारिंगी बोया तरंगत असतो, त्याला वळसा घालायचा, शिवायचा न्हाई. मी वळलो तवा माझ्या जाकिटाची पाठ बोयाला घासली. एवढीशी."

"मग?"

"शिवलं तर जाग्यावर होडी गोल फिरवायची. शिक्षा. आपली आपणच घ्यायची."

"कुणी बगितलं हुतं?"

"कुणी न्हाई. पंचांची बोट लांब हुती. मागचा गडी शिडाआड, त्याला माझी पाठ दिसायची न्हाई."

"मग?"

"मग काय. फिरलो गोल. तेवढ्यात अठरा होड्या गेल्या."

रसूलभाईंनी माझ्याकडं पाहिलं नाही, मी त्यांच्याकडं पाहिलं नाही. पोपटानं ट्यूबवर बसल्या बसल्या उगीच पाण्यात हात मारला, आणि तोही थांबवला.

"आन् हे मला आज सांगताय," काकू म्हणाल्या.

"वाटलं, तू म्हणशील, येडा हाय."

"हायसाच." त्या म्हणाल्या, "बरं केलंसा. न्हाईतर त्ये सोनं घरात ठिवून झोप लागली नसती तुमास्नी, आन् तुमच्यापायी मला." मग नेहमीच्या आवाजात, "आता हितनं भाईर कसं पडायचं त्ये बगा. म्हस वरडत आसंल."

सहाच्या सुमाराला पठाराकडून झुळूक आली. होडी काठाला लागली तेव्हा सहा वाजून वीस मिनिटं झाली होती. काकूंचं लुगडं गुडघ्यापर्यंत भिजलं होतं. त्या कुणाशी न बोलता तडक घराकडं निघाल्या, पण दहा पावलांवरून वळून म्हणाल्या, "रसूलभाई, शीड चांगलं शिवलंसा."

सोमवारी मी अहवाल लिहायला बसले. छापील नमुना: 'कार्यक्रम परवानगीतील अटींनुसार पार पडला / पडला नाही. नको ते खोडावे.' 'पडला नाही' खोडलं की काम संपत होतं. कुणी विचारणार नव्हतं. साहेबांना त्या तलावाचं नावसुद्धा आठवत नसे. मी पेन उचललं. मग 'पडला' खोडलं, आणि खाली लिहिलं की कार्यक्रम वेळेपेक्षा एक तास वीस मिनिटं जास्त चालला, आणि परवानगीतल्या कोऱ्या जागेत अधिकार नसताना मी स्वतः एका व्यक्तीची भर घातली.

तीन आठवड्यांनी मला लेखी समज आली. सेवापुस्तकात तशी नोंद झाली. पाऊण पानी कागद, भाषा कडक. मी तो संध्याकाळी सुभेदारांना दाखवला. 'इतर'पुढची जागा मुळात कोरी होती, हे त्यांना कळायलाच हवं होतं. त्यांनी चष्मा लावून तो अंगणात उभ्यानं दोनदा वाचला. कागदाची नीट घडी घातली आणि दोन्ही हातांनी मला परत दिली.

काकू चहा घेऊन आल्या. "काय आलंय?"

सुभेदारांनी थोडक्यात सांगितलं. काकूंनी माझ्याकडं पाहिलं, त्यांच्याकडं पाहिलं, पुन्हा माझ्याकडं पाहिलं, आणि कपाळाला हात लावला.

"आगं बाई! घरात असला एक हुता, त्यो कमी हुता व्हय? आता भाडेकरूबी तसलीच गावली!"